चुरी मॅडम आणि काळजातला किडा

चुरी मॅडमचा स्वतःच्या पोटावर फार विश्वास होता. "डहाणू आणि तलासरी मिळून स्वच्छ पोट एकच," असं त्या कोणालाही सांगायच्या आणि पोटावर हात ठेवायच्या. समोरच्याला वाटायचं, म्हातारी पचनाबद्दल बोलतेय. म्हातारी संडासाच्या तपासणीबद्दल बोलत असायची.

आता नाक मुरडू नका. मी लॅब टेक्निशियन आहे, वडील रेल्वेत होते म्हणून डहाणूत वाढले आणि डहाणूतच एका संस्थेच्या छोट्या रुग्णालयात चिकटले. माझं अर्धं आयुष्य त्या प्लास्टिकच्या डब्यांमध्ये गेलं. लोक रक्त द्यायला घाबरतात आणि डबी द्यायला लाजतात. घाबरलेल्याला समजावता येतं, पण लाजणारा माणूस दुसऱ्या दिवशी येतच नाही. मॅडम आल्यावर आमच्याकडे लाजणारे कमी झाले, कारण त्यांनी स्वतःच लाज सोडली होती.

तर त्या पोटाचं असं होतं. तपासणी करताना एक नमुना असा लागतो, की ज्यात काही नाही हे आपल्याला आधीच माहीत असतं. त्याला कंट्रोल म्हणतात. त्यातही जंत दिसायला लागले, तर समजायचं की काच धुतलेली नाही किंवा बघणाऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही. मोठ्या लॅबमध्ये हा नमुना कुठून आणतात कोण जाणे. आमच्याकडे तो मॅडम घरून आणायच्या. एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात डबी, दोन्ही माझ्या टेबलावर ठेवून म्हणायच्या, "हा घे कंट्रोल, आणि हे सुकटीचं कालवण. अदलाबदल करू नकोस गं बाई." हा विनोद त्या दर आठवड्याला करायच्या आणि दर आठवड्याला स्वतःच हसायच्या. आम्ही आपलं एकमेकींकडे बघत बसायचो.

उंच बाई, बारीक कापलेले पांढरे केस, कॉटनची साडी आणि खाली कॅनव्हासचे बूट. घर वडवळ समाजाचं, चिंचणीकडचं. मुंबईत मेडिकल कॉलेजात त्यांनी जन्मभर जंत शिकवले आणि रिटायर झाल्यावर डहाणूला भावाच्या चिकूच्या वाडीत राहायला आल्या. नवरा आधीच गेलेला, मुलगा पुण्याला. संस्थेने विचारलं, येता का, तर दुसऱ्याच दिवशी हजर. पगाराचं बोलणं राहिलं, आधी त्यांनी आमची सूक्ष्मदर्शकं उघडून बघितली. "ह्याच्या भिंगात बुरशी वाढलीय," त्या म्हणाल्या, "जंत शोधताय की पाळताय?" आमचे मोठे डॉक्टर कसनुसं हसले.

खाण्याच्या बाबतीत मॅडम म्हणजे कहर. "वडवळाची पोर आहे, मटण सोडेन ते चितेवरच," म्हणायच्या. त्यातही कलेजीवर जीव. पण कलेजी घ्यायची पद्धत अशी, की बाजारातला खाटीक त्यांना बघूनच कपाळाला हात लावायचा. पर्समधून छोटी कात्री काढायच्या, काळजातली पित्ताची नळी उभी चिरायच्या आणि दाबून बघायच्या. कधीकधी आतून चपटा, तमालपत्राच्या तुकड्यासारखा किडा बाहेर यायचा. तो लिव्हर फ्लूक. आपल्याकडे म्हशीत, बकरीत सर्रास असतो. तळ्याकाठच्या गोगलगायींतून गवतावर येतो आणि गवतातून पोटात जातो. मॅडम तो बोटावर घेऊन रांगेतल्या गिऱ्हाइकांना दाखवायच्या, "बघा, बघा, घाबरायचं काही नाही, शिजला की मेला!" गिऱ्हाइकं घाबरायची नाहीत, नुसती शेजारच्या दुकानात जायची. शेवटी खाटकाने हात जोडले. "मॅडम, मी स्वतः बघून चांगली कलेजी घरी पाठवतो, पण माझ्या दुकानात शाळा नका घेऊ." तेव्हापासून रविवारी कलेजी घरपोच यायला लागली.

शाळा घ्यायची सवय मात्र गेली नाही. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "न बघता बोलायचं नाही." पेशंट म्हणाला पोट दुखतंय, तर त्या म्हणायच्या, बघू. डॉक्टर म्हणाले जंत असतील, तर म्हणायच्या, बघू. मी एकदा घाईत एका काचेवर नुसती नजर टाकून 'काही नाही' म्हटलं. मॅडमनी ती काच माझ्या हातातून घेतली, तीच पुन्हा लावली, स्टूल ओढून माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "आता कोपऱ्यापासून सुरुवात कर. शेत नांगरतात तसं. एक पट्टा सोडायचा नाही." मान मोडेपर्यंत नांगरलं. खरंच काही नव्हतं. "बघ, आता म्हण काही नाही," मॅडम म्हणाल्या आणि चहा सांगायला गेल्या. तेव्हा मला त्यांचा संताप आला होता. आजही थोडा येतो.

आणि नजर म्हणाल तर भयंकर. एकदा डहाणूतल्या एका साहेबांच्या घरून पाच डब्या आल्या. नवरा, बायको, दोन मुलं आणि सासूबाई. मॅडमनी पाचही बघितल्या आणि फोन लावला. "साहेब, तुमच्या घरात काल मका खाल्ला कोणी?" साहेब म्हणाले, "मी खाल्ला. का हो?" "फक्त तुम्हीच?" "हो, बाकीच्यांना आवडत नाही." मॅडम म्हणाल्या, "मग बाकीच्यांना सांगा, आपापल्या डब्या आपापल्या भरून द्या. पाची डब्यांत तुमचाच मका आहे." पलीकडून फोनच ठेवून दिला. साहेबांनी घरच्यांची लाज राखायला एकट्याने सगळं काम उरकलं होतं, बिचारे.

आता मुद्द्याचं सांगते.

संस्थेला ठरवायचं होतं की तलासरीकडच्या पाड्यांवर माणसांत लिव्हर फ्लूक आहे का आणि असेल तर तो शोधायला कुठली तपासणी चांगली. म्हशी-बकऱ्यांत एवढा आहे, तर त्याच तळ्यांवर राहणाऱ्या माणसांत का नसेल, हा मॅडमचा प्रश्न. कितीतरी वर्षांपासूनचा प्रश्न, असं त्या म्हणायच्या. तपासण्या तीन. पहिली मिठाच्या पाण्याची: नमुना खाऱ्या पाण्यात कालवायचा, हलकी अंडी वर तरंगतात, ती काचेवर घ्यायची. साध्या जंतांना उत्तम. पण फ्लूकचं अंडं जड, ते खाली जातं. म्हणून दुसरी, तळाची: नमुना साध्या पाण्यात कालवून गाळायचा, निमुळत्या ग्लासात ठेवायचा, वरचं पाणी ओतून द्यायचं, पुन्हा पाणी घालायचं. तांदूळ धुतात तसंच. शेवटी तळाशी चिमूटभर गाळ उरतो, त्यात निळ्या रंगाचा थेंब टाकला की फ्लूकचं अंडं निळ्यात पिवळंधमक दिसतं, एका टोकाला झाकण असलेलं. तिसरं किट. त्याला अंड्यांशी देणंघेणं नाही. पोटात जिवंत किडा असला तर तो जे काही सोडतो, ते किट पकडतं आणि रंग दाखवतं.

मॅडमचा जीव तळाच्या पद्धतीवर. किट त्यांना अजिबात आवडायचं नाही. "रंग काय, कशानेही येतो," म्हणायच्या. "अंडं डोळ्यांनी दिसतं." मोठे डॉक्टर किटच्या बाजूचे, कारण त्याला वेळ लागत नाही आणि वासही येत नाही. दोघांचं ह्यावरून रोज वाजायचं.

पहिला पाडा निवडला तो उधव्याच्या पुढचा. तिथली माणसं पहाटेच कामाला बाहेर पडतात, कोणी उंबरगावच्या कारखान्यांत, कोणी वाड्यांवर. पुरुष तर कित्येक घरांतले खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर. घरी कोण सापडणार? मॅडमनी डोकं लढवलं. पावसाळा संपताना, भात पिकायला लागलं की पाड्यांवर गावदेवीची पूजा होते, बकरे कापतात आणि सगळे घरी असतात. "पूजा झाली की लगेच जायचं," मॅडम म्हणाल्या, "सगळा पाडा एकदम मिळेल." आम्हाला तेव्हा ते फार हुशारीचं वाटलं. डब्याही भराभर मिळाल्या.

त्यात जवळच्या एका आश्रमशाळेत स्वयंपाक करणारी जमना होती. नवरा बोटीवर, दोन मुली त्याच शाळेत शिकणाऱ्या. मुली शाळेत म्हणून तिने शाळेतलंच काम धरलेलं, रोजंदारीवर, दरवर्षी नव्याने. हसरी बाई, पण शब्दाला शब्द देणारी. डबी देताना मॅडमना म्हणाली, "काय सोनं निघालं तर अर्धं माना द्या." तिच्या बोलीत माना म्हणजे मला. मॅडमना ती तिथेच आवडली.

सोनं निघालं म्हणायला हरकत नाही. मिठाच्या पाण्यात काही नाही. पण तळाच्या गाळात अंडी. पिवळी, मोठी, झाकणाची. एकाच घरात नाही, दुसऱ्यात, तिसऱ्यात, जवळजवळ प्रत्येक घरात. मॅडमनी मला हाक मारली. "बघ," त्या म्हणाल्या, "बघ गं! मी म्हणत नव्हते?" खुर्चीतून उठून त्यांनी मला मिठी मारली. मॅडम मिठ्या मारणाऱ्यातल्या नव्हत्या. जुन्या सहकाऱ्यांना त्यांनी फोन लावले. सगळ्यांना तेच वाक्य, "आहे, माणसांत आहे, मी बघितलं."

किटने मात्र एकाही डबीला रंग दाखवला नाही.

मोठे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, हे विचित्र नाही का?" मॅडम म्हणाल्या, "विचित्र काय त्यात? किट बोगस आहे. अंडी काय आकाशातून पडली?" झालं. बोलणं संपलं. माणसांना द्यायचं औषध मागवलं.

स्वयंपाकघरात काम करणाऱ्यांचा रिपोर्ट शाळेला द्यावा लागतो. मॅडमनी जमनाचा सही करून दिला आणि शाळेच्या अधीक्षकांना बजावलंही, की हा किडा हाताने पसरत नाही, एकापासून दुसऱ्याला लागत नाही, बाईला कामावरून काढायचं कारण नाही. अधीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जमनाला सांगितलं, रिपोर्ट साफ आण, मग ये. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल तोपर्यंत साफ झाला तर ठीक, नाहीतर दुसरी बाई बघावी लागेल. हे कळेपर्यंत पाड्यावर 'जमनीच्या काळजात किडा आहे' एवढं पसरलं होतं. शेजारणी तिच्या हातचं पाणी घेईनाशा झाल्या. गंमत बघा, त्या शेजारणींच्याही डबीत तेच निघालं होतं. पण त्या कुठल्या शाळेत स्वयंपाक करत नव्हत्या, त्यामुळे त्यांचा रिपोर्ट कोणी मागितला नव्हता.

जमना लॅबमध्ये आली. उभ्या उभ्याच बोलली. "मॅडम, माना काहीच दुखत नाय. भूक लागते, झोप लागते. किडा हाय तर त्याला काढा, नाय तर नाय म्हणून लिवून द्या. घरी बसून माझ्या पोरी काय खातील?" मॅडम म्हणाल्या, "औषध येतंय. ते घेतलंस की साफ होईल." "कवा येल?" त्या म्हणाल्या, लवकर. जमना गेल्यावर बराच वेळ त्यांनी एकही काच लावली नाही. मला वाटलं, बाईला आता जरा शंका येईल. कसची! दुसऱ्या दिवशी पुढच्या पाड्याची तयारी सुरू.

पुढच्या पाड्याची पूजा नंतर होती, आणि ह्या वेळी मॅडमना तिचं आमंत्रण होतं. आम्ही दोघी गेलो. पूजा झाली, बकरे कापले, आणि मग वाटे घालायला सुरुवात झाली. सागाची पानं ओळीने मांडलेली, जेवढी घरं तेवढी पानं. एक म्हातारा कारभारी मांस कापून प्रत्येक पानावर सारखं टाकत होता, आणि दुसरे दोघे सारखं पडलंय ना ते बघत होते. काळीज शेवटी घेतलं. जेवढी पानं तेवढे तुकडे, चिकूच्या बीएवढे का होईना. "काळीज सगळ्यांच्या वाट्यात पडायलाच पायजे," म्हातारा मॅडमना म्हणाला, "नायतर देवी विचारते, कोणाला वगळलं?" पाहुणी म्हणून मॅडमचाही वाटा होता. त्यांचे काळजाचे तुकडे तिथेच निखाऱ्यावर भाजून दिले. मी उपासाचं निमित्त काढलं, मॅडमनी बोटं चाटली.

मग दुसऱ्या दिवशी आम्ही त्या पाड्याच्या डब्या गोळा केल्या आणि मॅडमनी नेहमीसारखी आपली डबी टेबलावर ठेवली. कंट्रोल मीच लावला. निळ्या थेंबात पिवळं अंडं. एका टोकाला झाकण.

मी काच बदलली. पुन्हा अंडं. मला वाटलं, मीच कुठेतरी डब्यांची सरमिसळ केली. मॅडमना हाक मारायची हिंमत होईना. शेवटी म्हटलं, "मॅडम, जरा तुमचं बघता?"

त्यांनी डोळा लावला. कोपऱ्यापासून सुरुवात केली. पट्टा, पट्टा, पट्टा. किती वेळ बघत होत्या कोण जाणे. मग मागे टेकल्या आणि चष्मा काढला. "मी काय खाल्लं गं?" त्यांनी विचारलं.

उत्तर त्यांना माहीत होतं, आता मलाही कळलं. फ्लूक झालेल्या बकऱ्याच्या काळजात किड्याची अंडी असतात. काळीज भाजलं की किडा मरतो, पण अंड्याचं कवच तसंच राहतं. ते माणसाच्या पोटातून आरपार जातं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डबीत उतरतं. माणसाला काहीच झालेलं नसतं. म्हणजे किट जे 'नाही' म्हणत होतं ते बरोबर होतं, पोटात जिवंत किडा नव्हताच. आणि आम्ही जी अंडी बघितली तीही खरीच होती. फक्त ती बकऱ्याची होती. पाड्याने सारखे वाटे घातले, काळजाचा तुकडा घराघरात पोचवला, म्हणून अंडीही घराघरात सारखी पोचली. आम्ही नेमके त्याच वेळी डब्या घेऊन हजर. पहिल्या पाड्याच्या नमुन्यांत एक घर कोरं निघालं होतं, त्याचं आम्हाला नवल वाटलं होतं. ते माळकऱ्याचं घर होतं.

"हे पुस्तकात आहे," मॅडम म्हणाल्या. "मी हे शिकवलंय. परीक्षेत विचारलंय! कलेजी खाल्ली होती का, हे पहिलं विचारायचं. न विचारणाऱ्यांचे मार्क कापलेत मी." मग चष्मा पुसत, "मला ते हवं होतं ना, म्हणून विचारलं नाही." एवढं स्पष्ट बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं. मला त्यांची दया आली, आणि त्यांना दया अजिबात खपली नसती, म्हणून मी चहा सांगायला गेले.

पण बाई बसून राहिली नाही. त्याच दुपारी सगळ्यांना पुन्हा फोन, तितक्याच मोठ्या आवाजात. "नाही हो, माणसांत नाही. चूक माझी. बकऱ्याची अंडी मोजली मी." औषध परत पाठवायला सांगितलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, निदान दुसऱ्या पाड्याचे रिपोर्ट पूर्ण होऊ दे." मॅडम म्हणाल्या, "तुमचं किट बोगस नाही. आता खूश?" आणि जीप मागवली.

जमनाला मॅडमनी आपल्या डबीचंही सांगितलं आणि बजावलं, की कलेजी अजिबात खाऊ नकोस, मी पुन्हा डबी घेते. मध्ये वाघबारस आली, दिवाळीच्या तोंडावरची वाघदेवाची पूजा. पुन्हा वाटे आले. वाटा नाकारायची सोय नाही, म्हणून जमनाने घेतला आणि काळजाचा तुकडा तिने सासूला दिला. तिची डबी मॅडमनी स्वतः तपासली, तिन्ही पद्धतींनी, मला हातही लावू दिला नाही. काही नाही. मॅडमनी आपलीही पुन्हा तपासली. काही नाही.

साफ रिपोर्ट घेऊन आम्ही शाळेत गेलो. सुट्टी चालू होती, अधीक्षक ऑफिसात एकटेच. बदली होऊन आलेला सभ्य माणूस, आवाज चढवायचा नाही. त्यांनी कागद वाचला आणि हसून म्हणाले, "मॅडम, पहिला रिपोर्टही तुमचाच, हाही तुमचाच. मी धरायचा कुठला?"

मॅडमनी अंडी, बकरा, वाटे, सगळं समजावलं. अधीक्षक मान डोलावत राहिले. "तुमचं शास्त्र बरोबरच असेल हो. पण पालकांत बोभाटा झालाय. वरून कोणी विचारलं, किडा निघालेली बाई स्वयंपाकाला कशी, तर मी काय सांगू? दुसरी बाई बोलून ठेवलीय मी. सुट्टी संपली की येईल."

मॅडमनी पिशवी मांडीवर ओढली. मला वाटलं, आता उठतील. त्यांनी विचारलं, "पाड्याच्या पूजेला तुम्ही होतात ना?"

"होतो की. गाव बोलावतं दरवर्षी."

"वाटा घेतलात?"

"घ्यावाच लागतो. मान असतो तो."

"काळीज होतं त्यात?"

"होतं ना. तिथेच भाजून दिलं," अधीक्षक म्हणाले आणि थांबले.

मॅडमनी पिशवीतून एक कोरी डबी काढली. तिच्यावर पेनाने अधीक्षकांचं नाव लिहिलं, झाकण घट्ट आहे ना ते बघितलं आणि डबी त्यांच्या टेबलावर, दोघांच्या बरोबर मधे ठेवली. "उद्या सकाळी भरून ठेवा. ही घेऊन जाईल," माझ्याकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या.

"माझी कशाला?"

"तुम्ही रोज मुलांच्या पंगतीत वाढता. मी बघितलंय. जमनाला जो नियम, तोच तुम्हाला. रिपोर्टवर माझीच सही असेल, आणि माझी सही तुमच्याकडे चालते."

अधीक्षक त्या डबीकडे बघत राहिले. मग दोन बोटांनी त्यांनी ती हळूच मॅडमकडे सरकवली. "शाळा उघडली की पाठवा तिला," ते म्हणाले. "त्या दुसऱ्या बाईला मी सांगतो काहीतरी."

बाहेर पडल्यावर मी विचारलं, "मॅडम, पूजा होऊन किती दिवस झाले. त्यांच्या पोटात आता काय निघणार होतं?"

"काय निघणार! काहीच नाही," मॅडम म्हणाल्या. "निघेल असं मी म्हटलं का?" आणि कॅनव्हासच्या बुटांत तरातरा चालायला लागल्या. न बघता बोलायचं नाही म्हणणारी बाई, त्या दिवशी बोलली नाही हे खरं. पण मला मनातून इतका आनंद झाला की विचारू नका.

पुढे त्यांनी तिन्ही तपासण्यांवर जे लिहिलं, त्यात सुरुवातीलाच स्वतःची चूक घातली आणि स्वतःच्याच अंड्याचा फोटो दिला. आजही आमच्याकडे डबी हातात देण्याआधी माणसाला विचारतात, कलेजी कधी खाल्ली. मग मॅडमचे गुडघे गेले, त्या मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या, आणि गेल्या वर्षी त्या वारल्याचा फोन आला. मी रडले. फोन ठेवल्यावर पुन्हा रडले. पुण्याला मी त्यांना भेटून आले होते, पण त्यांची आठवण काढली की ते घर डोळ्यांपुढे येत नाही. शाळा उघडल्यानंतरची ती सकाळ येते.

वेवजीला म्हशींचे नमुने घ्यायला निघालो होतो. मॅडम म्हणाल्या, वाट वाकडी करून जमनाला बघून जाऊ. खरं सांगायचं तर दोघींच्याही मनात होतं, की बाई आता पाया पडेल, चहा करेल. स्वयंपाकघरात जमना मोठ्या पातेल्यातला भात ढवळत होती. चुलीच्या धुराने डोळे लाल. आम्हाला बघून हसली. मॅडम म्हणाल्या, "काय जमना, आली ना परत?"

"आली," जमना म्हणाली. ढवळायचं थांबली नाही. "मॅडम, एक विचारू? देवीचा वाटा मी खाल्ला, तुमीपण खाल्ला. माझ्या डबीत निघाला, तुमच्यापण निघाला. मंग माझं काम बंद झालं. तुमचं कसं नाय झालं?"

रागाने नव्हे हो. मीठ किती घालू असं विचारावं, तशा आवाजात. मॅडम म्हणाल्या, "माझ्या रिपोर्टवर सही करणारं कोणी नव्हतं."

जमनाने मान हलवली, पटल्यासारखी, आणि दुसऱ्या पातेल्यावरचं झाकण काढलं. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, म्हणून मी जीपकडे गेले आणि तिथून हाक मारली. मॅडम स्वयंपाकघराच्या दारातून हलल्या नाहीत. आत वाफ होती, माणूस नीट दिसत नव्हतं. मी पुन्हा हाक मारली.

"काय करतायत त्या?" ड्रायव्हरने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "उभ्या आहेत."